नटावरची पिवळी रेघ

३ सप्टेंबर, बुधवार

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फोन नुसता वाजून थांबतो. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

सुरुवातीलाच सांगते, हे समेटाचं पत्र नाही. चार वर्षांपूर्वी व्यापारी मंडळाच्या सभागृहात मी जे बोलले, त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही. मला फक्त कामाचा एक प्रश्न विचारायचा आहे आणि त्या कामातला तुझ्याइतका जाणता माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. भांडण आहे म्हणून हे नाकारण्याइतकी मी कोती नाही.

वाहन अभियांत्रिकीच्या मास्टर्सचं हे माझं शेवटचं वर्ष. ब्रेक तापला की त्याची पकड किती कमी होते, हा माझ्या प्रबंधाचा विषय. प्रयोगशाळेत त्यासाठी एक मशीन आहे. मोटर एक जड लोखंडी चाक गरागरा फिरवते, मग ब्रेक लावून ते थांबवायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा थांबवायचं. दिवसाला साठ वेळा. ब्रेकची डिस्क इतकी तापते की हाताला जवळची हवासुद्धा सोसवत नाही. ही डिस्क आणि मशीनचा धुरा यांच्यामध्ये एक लोखंडी प्लेट असते, पाच नटांनी आवळलेली. प्लेट फार गंजली होती आणि पाहुणे यायचे होते, म्हणून सरांनी जरा नीटनेटकं करायला सांगितलं. मी तिला झकास निळा रंग दिला, दोन हात. रंगकाम माझ्याकडेच असायचं, आठवत असेल तुला.

तर हे पाच नट मी टॉर्क पान्याने आवळते, ठरलेला जोर लागून पाना ‘कट्ट’ करेपर्यंत. मग तू शिकवलंस तसं नटावरून प्लेटवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढते. तू म्हणायचास, माणूस खोटं बोलेल, रेघ बोलणार नाही. पंधरा दिवसांत तीनदा ती रेघ तुटलेली सापडली आहे. अर्धी नटावर, अर्धी प्लेटवर, मध्ये नखभर अंतर. नट सैल, मशीन थरथरतं, माझे आकडे कचऱ्यात.

खोलीच्या किल्ल्या तिघांकडे आहेत. एक माझ्याकडे. दुसरी फिटरकाकांकडे, पण त्यांना निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि स्वतःहून स्क्रूसुद्धा फिरवायचा त्यांना कंटाळा. तिसरी मौनीबाबाकडे. हा माझ्या वर्गातला. सकाळी मशीन त्याचं, दुपारी माझं. नाव आम्हीच पाडलं, कारण तो दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो. वर्षाच्या शेवटी कंपनीतल्या प्रशिक्षणाला आमच्यातला एकच जण जाणार आहे. ज्याचे आकडे चांगले, तो.

आता तूच जोडून बघ. तक्रार करावी की नाही, याचा मी विचार करते आहे.

तुला एवढंच विचारायचं आहे: नीट आवळलेला, रेघ मारलेला नट कुणी हात न लावता फिरतो का? हो किंवा नाही. उत्तर मला माहीत आहे. तुझ्या तोंडून हवं आहे.

तुझी धाकटी


१२ सप्टेंबर, शुक्रवार

दादा,

नऊ दिवस झाले. ‘नाही’ लिहायला दोन अक्षरं लागतात.

मागच्या पत्रात मी म्हटलं होतं की तक्रारीचा विचार करते आहे. खरं म्हणजे पत्र लिहिलं त्याच दिवशी सकाळी मी तक्रार देऊन आले होते. तू मला उतावळी म्हणशील म्हणून लिहिलं नाही. चौकशी चोवीस तारखेला आहे. विभागप्रमुख, आमचे सर आणि बाहेरून एक जण. आरोप सिद्ध झाला तर मौनीबाबाचं नाव कमी होईल, म्हणजे पदवी गेली. कठोर आहे. पण दुसऱ्याच्या ब्रेकचे नट सैल करणारा माणूस उद्या गाड्या बनवायला जाणार असेल, तर कठोर झालंच पाहिजे. अन्याय दिसला आणि आपण गप्प बसलो, तर आपण त्याचे भागीदार होतो. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही, मी तसं वागले आहे. तुला ठाऊक आहे.

पुरावा जमतो आहे. एक: मागच्या सोमवारी फिटरकाकांनी त्याला माझ्या प्लेटपाशी पाना घेऊन वाकलेलं पाहिलं. मी काकांना विचारलं, “मग तुम्ही त्याला हटकलं का नाही?”

“ताई, तो मुलगा मला काही विचारत नाही, मी त्याला काही विचारत नाही. आमचं छान चाललंय.”

“चौकशीत सांगाल ना?”

“पाना होता एवढं सांगेन. सोडत होता की आवळत होता ते मला काय दिसतंय. माझ्या चष्म्याचा नंबर तुमच्या आकड्यांपेक्षा जास्त बदलतो.”

दोन: त्याच सोमवारी मी आत येत होते, हा बाहेर जात होता. दारातच थांबून मला म्हणाला, “नट बघत जा.” बस्स. ना डोळे वर केले, ना पुढे काही. ही धमकी नाही तर काय आहे? मी ती तक्रारीला जोडली आहे, तारीख आणि वेळेसकट.

तीन: तो गप्प असतो. हा पुरावा नाही हे मला कळतं. पण जो बोलत नाही त्याच्या आत काहीतरी शिजत असतं, असा माझा अनुभव आहे.

आता काम. मला तुझ्याकडून चार ओळी लेखी हव्या आहेत: वीस वर्षं चाकं काढणारा आणि बसवणारा मेकॅनिक म्हणून मी सांगतो, आवळलेला नट आपोआप सुटत नाही. खाली सही.

हे वाक्य तुला कडू लागेल. सभागृहात ते माझ्या तोंडचं होतं. चित्रकलेच्या बाईंची गाडी तुझ्या गॅरेजमधून बाहेर पडून तीन दिवस झाले होते. उतारावर पुढचं चाक निखळलं, गाडी भिंतीवर गेली आणि बाईंचा उजवा हात मनगटातून मोडला. चित्रकलेच्या बाईंचा उजवा हात. मंडळाने सगळ्यांना बोलावलं. तू दाराशी उभा होतास, चिंधीने हात पुसत. तू म्हणालास, “मी आवळले होते. रेघ मारली होती.” आणि मी उठले. मी म्हणाले, “आवळलेला नट आपोआप सुटत नाही. एकतर तो कुणीतरी सोडतो, नाहीतर कुणी आवळलेलाच नसतो. आरोपी माझा भाऊ आहे, म्हणून मी भौतिकशास्त्र बदलणार नाही.” टाळ्या पडल्या. महिन्याभरात तू पाटी उतरवलीस आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपात कामाला लागलास.

मला त्याचं वाईट वाटत नाही, असं नाही. पण वाईट वाटणं आणि चूक असणं या दोन गोष्टी आहेत.

चार ओळी पाठव. चोवीसच्या आत.

तुझी धाकटी


२१ सप्टेंबर, रविवार

दादा,

तू पाठवल्या नाहीस. बरं झालं. पाठवल्या असत्यास तर आज मला त्या फाडाव्या लागल्या असत्या.

चौकशीसाठी शेवटचा, वादातीत पुरावा जमवायला आज मी पहाऱ्याला बसले. रविवारी विभाग बंद असतो. मी फिटरकाकांची किल्ली मागून घेतली. सरांनी मौनीबाबाची किल्ली चौकशीपर्यंत काढून घेतलीच होती. सकाळी आठला आत गेले, आतून कडी लावली, खिडक्यांचे खटके तपासले. कपाटातही डोकावले. हसू नकोस. पाच नट टॉर्क पान्याने आवळले, पाच वेळा कट्ट ऐकलं, पाच पिवळ्या रेघा मारल्या आणि त्यांचा फोटो काढला. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन काचेपलीकडे स्टुलावर बसले. ठरवलं होतं की आज दिवसभर मशीन चालवायचं, रेघा शाबूत राहतील, आणि बुधवारी सांगायचं: खोलीत मी एकटी होते तेव्हा काही झालं नाही.

दर दहा ब्रेकनंतर मी मशीन थांबवून रेघा पाहत होते. दहाव्याला ठीक. विसाव्याला ठीक. तिसाव्यालाही. चाळीसनंतर मी डबा उघडला आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने बॅटरी मारली.

दोन नंबरच्या नटावरची रेघ दोराभर सरकली होती.

मला आधी वाटलं, डोळ्यांची चूक. मग फोटोशी ताडून पाहिलं. मग, तुला खरं सांगते, मी मागे वळून पाहिलं. बंद खोलीत. कुणी आलं असेल म्हणून.

आणखी दहा ब्रेक मारले. रेघ नखभर तुटली. चार नंबरचीही निघाली. कडी आतून तशीच होती.

थंड व्हायला दीड तास लागला. मग नट काढले आणि प्लेट उलटी केली. दादा, माझा निळा रंग कडेने बाहेर आला होता, सुकलेल्या सायीसारखा. मधला वितळून, दबून, ठिकठिकाणी सोलून डिस्कला चिकटला होता. नटाखालच्या जागीही तेच. तुला समजावून सांगायची गरज नाही, पण मला लिहून काढायचं आहे. नट लोखंडावर लोखंड दाबून धरतो. मी मध्ये रंगाचा थर ठेवला. तापल्यावर रंग मऊ झाला, पातळ झाला, आणि नट होता तिथेच राहून त्याच्याखालचा दाब निघून गेला. मग मशीनच्या थरथरीने त्याला हळूहळू फिरवलं. कुणीही हात लावला नाही. मौनीबाबाने तर नाहीच.

प्लेट बाहेरून रंगवली असती तर चाललं असतं. मी दोन्ही बाजूंनी रंगवली. अर्धवट काम मला कधी आवडलं नाही.

आणि आता ते, जे मी गेल्या दोन पत्रांत लिहिलं नाही, सभागृहात बोलले नाही, आणि आज दुपारी त्या फरशीवर बसेपर्यंत स्वतःशीही उच्चारलं नाही.

बाईंच्या गाडीच्या चारही रिम मी रंगवल्या होत्या. सुट्टीत घरी आले होते, तुझ्याकडे काम तुंबलं होतं, मी म्हटलं दे मला. तू म्हणालास, “बाहेरून मार फक्त.” मी हो म्हटलं. आतली बाजू गंजलेली होती. मला ती बघवेना. मी ती घासली आणि दोन हात दिले, नटाच्या भोकांतसुद्धा, बारीक ब्रश घालून. संध्याकाळी तू शेजारच्या ट्रकखाली होतास. मी वाळलेल्या रिम टायरवाल्याकडे दिल्या, त्याने टायर चढवून आणले, तू चाकं बसवलीस, आवळलीस, रेघ मारलीस.

मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण सभागृहात मी तुझे हात तपासले, तुझा पाना तपासला, तुझी नियत तपासली. मी ज्या गोष्टीला हात लावला होता तेवढी एकच गोष्ट तपासायची मला सुचली नाही. सुचली नाही की सुचू दिली नाही, याचा मला आता संशय आहे. सगळ्यांवर संशय घ्यायचा तर स्वतःला वगळायचं कशाच्या जोरावर?

बुधवारी चौकशी आहे. प्लेट घासून लख्ख करून ठेवली तर कुणाला काही कळणार नाही. काकांनी पाना पाहिलाच आहे. मी सत्य सांगितलं तर तीन महिन्यांची माझी मोजणी रद्द, कंपनीतली जागा त्याची, आणि माझं हसं. कॉलेजात मी ज्या आवाजाने ओळखली जाते, त्या आवाजात मला म्हणावं लागेल की मी चुकले. मी काय करणार हे मला आत्ता, या क्षणी, माहीत नाही. तुला लिहून ठेवते आहे, कारण लिहिलेलं मला पुसता येणार नाही.

प्लेट अजून घासलेली नाही.

तुझी धाकटी


२३ सप्टेंबर, मंगळवार

दादा,

आज तुझं कार्ड आलं. साधं पोस्टकार्ड, कडेला ग्रीसचा अंगठा. शिक्का अठरा तारखेचा. म्हणजे माझं रविवारचं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधीच तू ते टाकलंस. मी शिक्का भिंगाखाली तीनदा पाहिला. मला वाटलं, वहिनीने तुला सांगितलं असेल, कुणीतरी फोन केला असेल. पण अठरा तारखेला सांगण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. माझ्याकडेही.

चारच ओळी लिहिल्या आहेस. मी मागितल्या होत्या त्या नव्हेत.

“प्लेट रंगवली म्हणतेस. आतून रंग आहे का बघ. असेल तर तासून टाक, पुन्हा आवळ, पन्नास ब्रेकनंतर परत आवळ. कुणी उघडलं नसेल, पोराला सोड. बाईंच्या चाकाच्या वेळी मी आत पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं.”

नंतर म्हणजे केव्हा, दादा? सभेच्या आधी की सभेच्या नंतर? मला झोप लागणार नाही असं उत्तर असेल तरी सांग. तू फोन उचलणार नाहीस, म्हणून मी वहिनीला लावला.

वहिनी म्हणाली, “अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच चाक घरी आणलं होतं. उलटं करून बराच वेळ बघत बसले. मी विचारलं काय आहे, तर म्हणाले, रंग आहे.”

“मग सभेत बोलला का नाही?”

“वन्सं, तुम्ही उभ्या राहिल्यावर मध्ये बोलायची कुणाची छाती आहे?”

तीच पुढे म्हणाली, “मीपण तेच विचारलं होतं हो. म्हणाले, रंग तिने लावला, पण आवळलं मी. आवळणाऱ्याने आत बघायचं असतं. आणि तीन दिवसांनी गाडी परत बोलावून नट बघायचे असतात, तेही राहिलं. मग काय सांगू सभेत, बहिणीचं नाव? एवढंच. मग पाटी उतरवायला शिडी मागितली.”

मला तुझ्या या मोठेपणाचाही संशय येतो. हे क्षमा करणं होतं, की मला आयुष्यभर चुकीचं ठेवण्याची शिक्षा होती? वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, “तुम्ही फार वाचता.”

तुझी धाकटी


२५ सप्टेंबर, गुरुवार

दादा,

काल झाली चौकशी.

मी भाषण तयार केलं होतं. चार पानं. सत्याचा शोध, विज्ञानाची नम्रता, चूक कबूल करण्यातलं धैर्य, सगळं होतं त्यात. जिन्यात एकदा वाचून पाहिलं आणि मला ओळखीचा वास आला. हे भाषण संपलं असतं तेव्हा मी पुन्हा सगळ्यांत खरी ठरले असते. पानं पिशवीत ठेवली आणि न घासलेली प्लेट टेबलावर ठेवली.

मी म्हणाले, “हा रंग मी लावला. नट यामुळे सुटले. यांनी काही केलेलं नाही. तक्रार मागे घेते.”

विभागप्रमुख पुढचं ऐकायला थांबले होते. मी पुढे काही बोलत नाही हे कळायला त्यांना वेळ लागला. सरांनी प्लेटवरून बोट फिरवलं आणि मान खाली घालून म्हणाले, नीटनेटकं करायला मीच सांगितलं होतं. बाहेरून आलेल्या गृहस्थांनी मौनीबाबाला विचारलं, “मग तुम्ही त्या दिवशी पाना घेऊन काय करत होता?”

“आवळत होतो.”

“कुणाला सांगितलं का नाही?”

“हिला सांगितलं.”

दादा, “नट बघत जा” ही धमकी नव्हती. ती सूचना होती. त्याने माझे नट दोनदा आवळले होते, तिसऱ्यांदा आवळून मला सांगितलं होतं, आणि मी ते तारीख-वेळेसकट त्याच्याविरुद्ध जोडलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, “तीन शब्दांत कुणी एवढं सांगतं का? जरा सविस्तर बोलायचं.”

तो म्हणाला, “तू ऐकलं असतंस?”

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं अचूक उत्तर दिलं नव्हतं. मी माफी मागितली. त्याने मान हलवली. स्वीकारली की नुसती हलवली, ते कळलं नाही आणि विचारायचा मला हक्क नाही. कंपनीत तो जाणार. माझी मोजणी पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक सत्र. आज सकाळी मी प्लेट तासून लख्ख केली, आवळली. पन्नास ब्रेकनंतर परत आवळली, तू लिहिलंस तशी. दिवस संपताना रेघा सरळ होत्या. फिटरकाका बघून म्हणाले, “आता कुणावर तक्रार?”

आता माझं शेवटचं काम. चार ऑक्टोबरला, शनिवारी, मंडळाची महिन्याची सभा आहे. सचिवांशी बोलले. त्यांनी दहा मिनिटं दिली, मी एक मागितलं. ते फोनवरच हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. चित्रकलेच्या बाईंना स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. त्या आता डाव्या हाताने चित्रं काढतात असं कळलं. त्यांना काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही, ते त्यांचं आहे.

तू नको म्हणशील. म्हणशील, झालं गेलं, आवळणारा मीच होतो. असशील. तुझ्या वाटणीचं तू चार वर्षं भोगलंस आणि वर माझ्या वाटणीचंही. तुझी पाटी परत लागेल की नाही, लोक परत गाड्या आणतील की नाही, मला ठाऊक नाही. एका मिनिटात ते होणार नाही. पण त्या सभागृहात एक वाक्य चार वर्षं टाळ्या घेऊन बसलं आहे आणि ते खोटं आहे. ते मी उठवलं होतं, मीच खाली बसवणार.

एक विनंती. तू येशील तर पुढे बसू नकोस. तू समोर दिसलास तर मी भाषण करीन, मला माझा भरवसा नाही. त्या दिवशी उभा होतास तसा दाराशी उभा राहा, चिंधी घेऊन. मी तुझ्याकडे बघणार नाही. आणि टाळ्या पडल्या तर समज, मी पुन्हा काहीतरी जास्त बोलले.

वाक्य पाठ केलं आहे. तीनदा लहान केलं. आता त्यात काढण्यासारखं काही उरलेलं नाही. तूही तपासून घे, आवळणाऱ्याने बघायचं असतं:

बाईंच्या चाकाला रंग मी लावला होता, आतून.

तुझी धाकटी